पोरगं कसं आहे?

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात, फॉरेस्ट हिल्समध्ये टॉम कॉनचॅल्स्की नावाचा साडेसहा फुटी माणूस राहायचा. तो गाडी चालवत नसे. घरात कॉम्प्युटर नाही, खिशात मोबाईल नाही. फोन होता, पण त्याला निरोप नोंदवून घेणारं यंत्र जोडलेलं नव्हतं. बसने, सबवेने, नाहीतर ओळखीच्या कुणाच्या गाडीत बसून तो शाळांच्या जिममध्ये बास्केटबॉलचे सामने बघायला जायचा. बाकांच्या सगळ्यात वरच्या ओळीत बसायचं, पिवळ्या लीगल पॅडवर लिहायचं, घरी येऊन टायपरायटर बडवायचा. मग झेरॉक्स, स्टेपलची पिन, खाकी पाकीट आणि पोस्ट. वर्षातून पंधरा-सोळा वेळा हे पत्रक निघायचं आणि २०२० सालापर्यंत ते असंच निघत होतं.

'हायस्कूल बास्केटबॉल इलस्ट्रेटेड' हे त्याचं नाव. मुलाचं नाव, शाळा, उंची, इयत्ता, पाचपैकी गुण आणि एक-दोन ओळींचा शेरा एवढाच मजकूर. वर्गणीदार दोनशेच्या आसपास आणि सगळे कॉलेजचे कोच. ज्या मुलाबद्दल शेरा असायचा, त्याच्या हाती तो कागद पडण्याचं काही कारण नव्हतं. त्याच्या आईबापांच्याही नाही. आणि तरीही कुठल्या कॉलेजात फुकट शिकायला मिळेल, मिळेल की नाही, हे बरंचसं त्या दोन ओळींवर अवलंबून असायचं.

मी कराडच्या एका कॉलेजात जिमखाना सांभाळून निवृत्त झालो. आता वर्षातले काही महिने क्वीन्समध्ये मुलीकडे असतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये कॉनचॅल्स्की वारला, तेव्हा इथल्या वर्तमानपत्रांत त्याच्यावर रकानेच्या रकाने आले. मी ते वाचत गेलो आणि वाटायला लागलं, अरे, हा तर आपल्याच धंद्यातला माणूस.

आमच्याकडे बारावीचा निकाल लागला की खरा सीझन सुरू व्हायचा. कबड्डीचा एखादा चांगला चढाईपटू, एखादा डावा कोपरा, साठ-सत्तर किलोतला एखादा पैलवान कुठे आहे, कुणाच्या डोळ्यात आहे, याची खबर काढायची. फी माफ, होस्टेलला खोली, मेसमध्ये दोन अंडी जास्त, एवढीच आमची ऐपत. खबर कुठून यायची? शाळेच्या पी.टी. सरांकडून, पण ते त्या पोराचे गुरू, म्हणजे कौतुक जास्त. दुसऱ्या कॉलेजातल्या आमच्याच भाईबंदांकडून. पण ते झोनलला समोर उभे राहणार, म्हणजे अर्धी खबर पोटात. सगळ्यात भरवशाचा माणूस पंच. तो गावोगाव फिरतो, यात्रेतले सामने बघतो, सगळ्या संघांना एकाच शिट्टीने हाकतो आणि पोरगं कुठल्याही कॉलेजात गेलं तरी त्याचं काही वाढत नाही की कमी होत नाही. फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: "पोरगं कसं आहे?" हा प्रश्न खेळाबद्दल नसायचा. खेळ आम्ही बघितलेला असायचा. हरल्यावर काय करतो, तालमीला किती वाजता येतो, घरी कोण आहे, मित्र कुठले, हे विचारायचं असायचं.

आणि डोळ्यांवर तरी किती भरवसा ठेवायचा? आमच्या शेजारच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात गेले, तेव्हा अंगाने किरकोळ म्हणून तिथल्या खेळशिक्षकांनी त्यांना वार्षिक स्पर्धेत उतरू द्यायला नकार दिला होता, असं सांगतात. ते थेट प्राचार्यांकडे गेले, परवानगी मिळाली आणि त्यांनी भल्याभल्यांना चीतपट केलं. १९५२ साली हेलसिंकीहून त्यांनी ब्राँझ आणलं. जाणता माणूस समोर असूनही पोरगं दिसत नाही ते असं. मग दुसऱ्या कुणाला तरी विचारावं लागतं आणि तिथून हा सगळा व्यवहार सुरू होतो.

अमेरिकेत हा व्यवहार आमच्यापेक्षा फार जुना आणि फार मोठा. तिथे खेळाचे क्लब बाजूला राहिले आणि कॉलेजच संघ झाली. लाखभर लोक बसतील अशी स्टेडियम विद्यापीठांनी बांधली. त्यामुळे सतरा-अठरा वर्षांचं पोर कुठे जातं, यावर कोचची नोकरी अवलंबून. १९०६ साली कॉलेजांनी एकत्र येऊन जी संस्था काढली तीच पुढे एनसीएए झाली. पण तिला खरे दात यायला पन्नासेक वर्षं गेली. तोवर खबर काढायचं काम मुख्यतः माजी विद्यार्थी करायचे. गावातला वकील, डॉक्टर, व्यापारी आपल्या कॉलेजला पत्र टाकायचा की इथे एक दांडगा पोरगा आहे, लवकर या. कार्नेगी फाउंडेशनने शंभरावर कॉलेजं पालथी घालून या सगळ्यावर एक जाडजूड अहवाल काढला. पत्रव्यवहार, भेटीगाठी, छुप्या मदती, सगळं त्यात होतं. तो प्रसिद्ध झाला २४ ऑक्टोबर १९२९ रोजी. त्याच दिवशी वॉल स्ट्रीट कोसळायला लागली. अहवालाचं नशीब.

कोच मंडळींनी आपापले संघ आधीच बांधले होते, फुटबॉलवाल्यांनी विसाव्या शतकाच्या विशीच्या सुरुवातीला आणि बास्केटबॉलवाल्यांनी १९२७ साली. त्यांची वार्षिक अधिवेशनं भरू लागली. अधिवेशनात भाषणं होतात, फळ्यावर बाण काढून डावपेच समजावले जातात. पण खरं अधिवेशन हॉटेलच्या लॉबीत. नोकरी शोधणारे सहायक, नोकरी गमावलेले, नुकतीच लागलेली असे सगळे तिथे घोळक्याने उभे, आणि बोलणं एकच: कोण कुठे चाललाय, कुणाकडे जागा आहे, कुठल्या गावात कोण उगवतोय. आमची विद्यापीठाची क्रीडा मंडळाची बैठक आठवली. अजेंड्यावर सहा विषय आणि चहाच्या टेबलावर साठ.

या जाळ्यातला पहिला मोठा नमुना मला दिसतो तो फ्रँक मॅकग्वायरचा. हा न्यूयॉर्कचा आयरिश माणूस, सेंट जॉन्सचा कोच. १९५१ साली न्यूयॉर्कच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये पैसे घेऊन गुण कमी-जास्त करण्याचं प्रकरण उघडकीला आलं. सिटी कॉलेज, लाँग आयलंड अशी मातब्बर नावं धुळीला मिळाली. शहरात खेळणारी पोरं होतीच, त्यांना जायला प्रतिष्ठेची जागा उरली नाही. १९५२ साली मॅकग्वायर दक्षिणेत नॉर्थ कॅरोलायनाला गेला आणि जाताना न्यूयॉर्कमधली आपली सगळी माणसं, म्हणजे चर्चच्या शाळांचे कोच, पाद्री, पोरांचे काके-मामे, बरोबर घेऊनच गेला म्हणा ना. त्याच्यासाठी शहरात डोळे उघडे ठेवून हिंडणारा हॅरी गॉटकिन नावाचा एक इसम होता. त्याला सगळे 'अंकल हॅरी' म्हणत. लेनी रोझेनब्लथ हा ब्राँक्सचा पोरगा शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना स्टेटने चाचणी घेऊन नाकारला. अंकल हॅरीने त्याला मॅकग्वायरच्या पदरात टाकलं. १९५७ साली याच रोझेनब्लथच्या संघाने एकही सामना न हरता ३२ विजय मिळवले. अंतिम सामन्यात विल्ट चेंबरलेनच्या कॅन्ससला तीन जादा डावांनंतर ५४-५३ असं हरवलं. सुरुवातीचे पाचही खेळाडू न्यूयॉर्क आणि आसपासचे, चार कॅथलिक आणि एक ज्यू. दक्षिणेतल्या बॅप्टिस्ट गावात या पाच जणांची मिरवणूक निघाली असेल तेव्हा काय दृश्य असेल, याची मला नेहमी गंमत वाटते.

मात्र दक्षिणेतल्या त्या संघांत काळ्या मुलांना जागा नव्हती. आणि मला वाटतं, कोचांनी एकमेकांना दिलेल्या खबरीचा सगळ्यात मोठा अध्याय इथेच आहे, कारण इथे खबरीने माणसांची आयुष्यं अक्षरशः हजार-हजार मैल हलवली.

मिशिगन स्टेटचा फुटबॉल कोच डफी डॉअर्टी दक्षिणेतल्या काळ्या शाळांच्या कोचसाठी शिबिरं घ्यायचा. गोऱ्या कोचच्या शिबिरांना त्यांना मज्जाव असे, याने त्यांना वेगळं बोलावलं. उपकार म्हणा, दूरदृष्टी म्हणा, दोन्ही असेल. ते कोच परत आपल्या गावी गेले की त्यांना डफी आठवायचा. टेक्सासमधल्या बोमाँटचा विली रे स्मिथ हा असाच एक शाळेचा कोच. त्याचा मुलगा बबा स्मिथ सहा फूट सात इंचांचा डोंगर. टेक्सासच्या विद्यापीठांना तो चालणार नव्हता. बबा मिशिगन स्टेटला गेला आणि त्याच्या बापाने डफीला आणखी एक नाव सांगितलं: जीन वॉशिंग्टन, धावण्यात पटाईत, जरूर घ्या. साउथ कॅरोलायनाच्या अँडरसनहून जॉर्ज वेबस्टर आला, नॉर्थ कॅरोलायनाच्या फेएटव्हिलहून क्वार्टरबॅक जिमी रे. १९६७ सालच्या व्यावसायिक फुटबॉलच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या आठ नावांत मिशिगन स्टेटची चार होती: पहिला बबा स्मिथ, दुसरा क्लिंटन जोन्स, पाचवा वेबस्टर, आठवा वॉशिंग्टन. चारांतला जोन्स तेवढा क्लीव्हलँडचा, बाकी तिघे दक्षिणेचे. ज्यांच्या घराजवळच्या विद्यापीठाने त्यांना दारात उभं केलं नसतं, ते.

याच काळातला एक किस्सा सगळे चघळतात. अलाबामाचा बेअर ब्रायंट म्हणजे दक्षिणेतल्या फुटबॉलचा देवच. व्हर्जिनियातल्या रोआनोकला एका समारंभात त्याने चार्ली थॉर्नहिल हा काळा खेळाडू पाहिला. स्वतःच्या संघात घेणं तेव्हा शक्य नव्हतं, किंवा त्याने शक्य करून घेतलं नाही. त्याने डफीला कळवलं आणि थॉर्नहिल मिशिगन स्टेटला गेला. आता या एका खऱ्या गोष्टीला इतकी पालवी फुटली की बबालाही ब्रायंटनेच पाठवलं, असं लोक सांगू लागले. ते खरं नाही. बबाला पाठवलं त्याच्या बापाने. एका काळ्या शाळामास्तराचं श्रेय गोऱ्या देवाच्या खात्यावर जमा होणं ही काही नवलाची गोष्ट नाही, पण नोंद करून ठेवावी अशी आहे.

ब्रायंटच्या खात्यावर उलट्या दिशेची जमा मात्र आहे. १९६१ साली पेनसिल्व्हेनियातल्या बीव्हर फॉल्सचा जो नेमथ मेरीलँडला जायचा ठरला होता, पण प्रवेशपरीक्षेचे गुण कमी पडले. मेरीलँडच्या कोचला धास्ती अशी की हा आता पेन स्टेटसारख्या नेहमीच्या प्रतिस्पर्ध्याकडे जाईल आणि दर वर्षी आपल्यालाच ठोकेल. म्हणून म्हणे त्याने अलाबामाला कळवलं, कारण अलाबामाशी त्यांचा सामनाच नव्हता. ब्रायंटने हॉवर्ड श्नेलेनबर्गर या सहायकाला तातडीने धाडलं. तो नेमथच्या घरी तळ ठोकून बसला, पैसे संपले, आणि शेवटी विमानाच्या तिकिटासाठी न वटणारा चेक दिला, असं तो स्वतः पुढे सांगायचा. १९६४ साली नेमथने अलाबामाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. मला या गोष्टीतली मेरीलँडची चाल फार ओळखीची वाटते. आम्हीही एखादा पोरगा आपल्याला मिळत नाही म्हटल्यावर त्याची शिफारस दुसऱ्या विद्यापीठाच्या हद्दीत करायचो. सांगली-कोल्हापूरला जाण्यापेक्षा पुण्याला गेलेला बरा. खबर देण्यात उदारपणा होताच, पण त्या उदारपणाचा नकाशाही होता.

बास्केटबॉलमधलं उदाहरण याहून सुंदर आहे. हिल्टन व्हाइट हा ब्राँक्सच्या मैदानांवर पोरांना खेळवणारा माणूस. सैन्यात असताना त्याची नेमणूक टेक्सासच्या दुसऱ्या टोकाला, एल पासोजवळच्या फोर्ट ब्लिसवर झाली होती. तिथलं टेक्सास वेस्टर्न कॉलेज त्याला माहीत झालं. न्यूयॉर्कला परतल्यावर त्याने आपल्या मैदानावरची तीन पोरं, नेव्हिल शेड, विली वर्स्ली आणि विली केगर, तिकडचा कोच डॉन हॅस्किन्स याच्याकडे लावून दिली. १९ मार्च १९६६ रोजी मेरीलँडमधल्या कोल फील्ड हाउसमध्ये हॅस्किन्सने पाच काळे खेळाडू उतरवून, सगळ्या गोऱ्या खेळाडूंच्या केंटकीला ७२-६५ असं हरवलं. या सामन्यावर पुस्तकं झाली, सिनेमा झाला. त्यामागे एका सैनिकाची बदली होती, कुठल्याही कॉलेजच्या पगारावर नसलेल्या माणसाची ओळख होती. माझ्या पंचासारखाच.

तोपर्यंत खबर फुकट होती, म्हणजे उपकाराच्या बदल्यात होती. ती रोखीने विकायची कल्पना न्यूयॉर्कच्या हॉवर्ड गारफिंकेलची. साठीच्या दशकात त्याने हे पत्रक सुरू केलं, जे पुढे कॉनचॅल्स्कीकडे आलं. लांबच्या कॉलेजला न्यूयॉर्कच्या शेकडो शाळा बघणं परवडत नसे. वर्गणी भरा, यादी घ्या. १९६६ साली विल क्लाइनला सोबत घेऊन त्याने फाइव्ह-स्टार नावाचं उन्हाळी शिबिर काढलं. ते पुढे पेनसिल्व्हेनियात होन्सडेलला भरू लागलं. युक्ती अशी की शिकवायला कॉलेजचे कोच बोलवायचे. बॉबी नाइट, ह्यूबी ब्राउन, रिक पिटिनो, सगळे तिथे येऊन गेले. पोरं शिकायला, कोच शिकवायला, पण संध्याकाळी बाकावर बसून दोघांचाही बाजार. पुढे एनसीएएने मोठ्या कॉलेजांच्या कोचना अशा शिबिरांत काम करायला बंदी केली.

मायकेल जॉर्डनचं प्रकरण या शिबिरातलं. १९८० चा उन्हाळा. विल्मिंग्टनच्या या पोराचं नाव आपल्या राज्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. देशातल्या साडेसहाशे उत्तम शालेय खेळाडूंची यादी छापणाऱ्या एका मासिकात तो नव्हता. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा तरुण सहायक रॉय विल्यम्स याला मात्र तो खरंच किती मोठ्या पाण्यातला आहे हे बघायचं होतं. त्याने गारफिंकेलला फोन करून पोराला फाइव्ह-स्टारच्याच पिट्सबर्गमधल्या शिबिरात जागा मिळवून दिली. जॉर्डन तिथे गेला आणि सगळ्यांना पुरून उरला. आता मौज बघा. आपल्या खिशातलं नाणं खणखणीत आहे का हे बघायला विल्यम्सने ते चव्हाट्यावर वाजवलं आणि आवाज सगळ्या देशाने ऐकला. त्याचा वरिष्ठ डीन स्मिथ यावर खूश नव्हता, असंही सांगतात. कसा असेल? गारफिंकेलने तर त्या मासिकाच्या माणसाला फोन करून नाव घुसवायचा प्रयत्न केला, पण अंक छापायला गेला होता. शेवटी जॉर्डन डीन स्मिथकडेच गेला, त्यामुळे विल्यम्सचं निभावलं.

इथवर सगळं चांगलंच सांगितलं. पण तोंडी खबर जशी पोराला वर काढते तशी ती त्याला गाडतेही, आणि गाडते तेव्हा खड्डा कुणी खणला ते सापडत नाही. ब्रुकलिनच्या बॉइज हायचा कॉनी हॉकिन्स. शहराच्या मैदानांवर त्याच्यासारखा कुणी झाला नाही, असं जुने लोक आजही म्हणतात. तो आयोवा विद्यापीठात गेला. १९६१ साली पुन्हा सामन्यांच्या सट्ट्याचं प्रकरण निघालं, त्यात सट्टेवाल्या जॅक मोलिनासकडून या पोराने घेतलेले २०० डॉलर बाहेर आले. उसने घेतलेले, भावाने फेडलेले. पोरगं पहिल्या वर्षाला, कॉलेजच्या संघाकडून एकही सामना अजून खेळलेलं नाही. त्याच्यावर कधी आरोप ठेवला गेला नाही, खटला नाही, शिक्षा नाही. पण आयोवाने त्याला काढलं, दुसऱ्या कुठल्या कॉलेजने जवळ केलं नाही आणि एनबीएने दारं बंद केली. "त्याचं काहीतरी आहे" एवढं वाक्य पुरलं. आठ वर्षं तो मिळेल तिथे खेळत राहिला. शेवटी त्याने एनबीएवर दावा लावला, १९६९ साली लीगने तडजोड करून त्याला घेतलं, १९९२ साली त्याचं नाव हॉल ऑफ फेममध्ये गेलं. पण एकोणीस ते सत्तावीस ही वयं परत कुठून आणायची?

आम्ही स्थळाची चौकशी करतो तसंच हे. शेजारी नुसता "हं" म्हणून थांबला की स्थळ मोडतं. आणि मोडल्यानंतर मुलीच्या बापाला कुणी सांगत नाही की कशाने मोडलं.

कॉनचॅल्स्कीला बास्केटबॉलचं वेड लागलं ते शाळकरी वयात याच हॉकिन्सला मैदानावर खेळताना बघून. पुढे त्याने कुणाबद्दल वाकडं लिहायचं नाही हा नेम केला, त्याचा हॉकिन्सशी संबंध होता असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा माझ्यापाशी नाही. पण दोन गोष्टी शेजारी ठेवल्याशिवाय मला राहवत नाही. तो काही वर्षं शाळेत शिक्षक होता, १९७९ पासून गारफिंकेलबरोबर पूर्ण वेळ लागला आणि १९८४ साली पत्रक त्याने विकत घेतलं. त्याच्या पत्रकात वाईट खेळाडू नसायचाच. ज्याच्यात दम कमी त्याला गुण कमी, शेरा तरी सौम्य. लहान कॉलेजात चालेल अशा पोरालाही जागा. बड्या कॉलेजच्या कोचला वरची दहा नावं हवी असायची, पण छोट्या गावातल्या कॉलेजला खालची शंभर नावं लाख मोलाची. कारण त्यांच्याकडे विमानाचे पैसे नसायचे. कोच, पोरं, त्यांचे आईबाप, दहा वर्षांनी भेटले तरी तो नावानिशी हाक मारायचा म्हणतात. त्याचा भाऊ स्टीव्ह कॅनडातल्या सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठात चार दशकांहून जास्त काळ कोच होता, म्हणजे घरातच गिऱ्हाईकाची बाजूही होती.

टॉमचा शब्द का चालायचा, याचं उत्तर मला त्याच्या नसण्यांच्या यादीत सापडतं. बूट कंपनीचा पगार नाही. बास्केटबॉलमध्ये हे फार मोठं. सत्तरीच्या शेवटी नाइकीने सनी व्हॅकारोमार्फत कॉलेज कोचना पैसे द्यायला सुरुवात केली, पुढे उन्हाळी शिबिरंच बूट कंपन्यांची झाली आणि कुठलं पोरगं कुठल्या बुटातल्या कॉलेजला जाणार हे आधीच कळायला लागलं. तिथे टॉम कुणाचाच नव्हता. त्याला संघ नव्हता, शिबिराचा नफा नव्हता, पोराच्या करारात टक्केवारी नव्हती. त्याचं एकच भांडवल, की पुढच्या वर्षी वर्गणी पुन्हा आली पाहिजे. चुकीचं सांगून त्याला मिळणार काहीच नव्हतं.

फुटबॉलमध्ये हे काम दुसऱ्या तऱ्हेने झालं. शिकागोचा टॉम लेमिंग पोस्टातली नोकरी सोडून गाडी घेऊन देशभर शाळा हिंडायला लागला आणि वार्षिक अंक काढू लागला. नव्वदीच्या शेवटी रायव्हल्ससारख्या कंपन्या आल्या, तारे वाटू लागल्या आणि कोचांची खाजगी यादी चाहत्यांच्या घराघरांत गेली. शाळेचे कोच पूर्वी सामन्याची फिल्म डब्यात घालून ग्रेहाउंड बसने एकमेकांना पाठवायचे, आपल्या एस.टी.ने पार्सल जातं तशी. नेब्रास्कातल्या लिंकनला २००६ साली सामन्यांचे व्हिडिओ इंटरनेटवरून पाठवणारी हडल कंपनी सुरू झाली आणि ते डबे गेले. श्रीरामपूरच्या ऋतुजा भोसलेसारखी टेनिसपटू टेक्सास ए अँड एमला जाऊन खेळली. अशा वाटेवरच्या आपल्या मुली व्हिडिओ आणि रँकिंग थेट कोचला ईमेलने पाठवतात. खेळ बघायला आता कुणाचीच गरज उरलेली नाही.

मग फोन बंद झाले का? उलट वाढले. खेळ सगळ्यांना दिसतो म्हटल्यावर विचारायचं राहतं ते फक्त न दिसणारं. १९६४ साली 'लेटर ऑफ इंटेंट' आलं तेव्हापासून मुलाने एकदा सही केली की दुसऱ्या कॉलेजने त्याच्याकडे बघायचं नाही, असा दंडक होता. त्यामुळे सहीनंतर कोच एकमेकांशी मोकळं बोलू शकत. ते पत्र २०२४ मध्ये रद्द झालं, दंडक मात्र शिष्यवृत्तीच्या करारात राहिला. १५ ऑक्टोबर २०१८ ला ट्रान्सफर पोर्टल उघडलं, खेळाडू त्यात नाव घालून कुणाशीही बोलू लागला. २०२१ पासून एकदा कॉलेज बदलताना वर्षभर बसून राहण्याची सक्तीही गेली, आणि त्याच वर्षीच्या १ जुलैपासून नावावर पैसे मिळवायची मुभा आली. आता मोठ्या कॉलेजांचे कोच शाळेतल्या पोराइतकंच, बरेचदा जास्तच, दुसऱ्या कॉलेजातून निघालेल्या वीस-एकवीस वर्षांच्या मुलांकडे बघतात.

आणि चौकशीचा फोन कुणाला जातो? ज्या कोचला सोडून तो मुलगा निघालाय त्यालाच. तो चिडलेला असेल तर पोराचं वाईट सांगणार. ब्याद टळतेय असं वाटत असेल तर तोंड भरून कौतुक करणार. पुढच्या वर्षी याच कोचकडून दुसरा खेळाडू हवा असेल तर विचारणाराही सगळं ऐकून घेणार. शाळेचा कोच आता उन्हाळी संघाचा हिशेबनीस झालाय, उन्हाळी संघामागे बूट कंपनी आहे, पोराला एजंट आहे. बाकावर सगळ्यात वर बसणारा, कुणाचाच नसलेला माणूस यात कुठे बसवायचा ते मला सुचत नाही. टॉमच्या वर्गणीदारांपैकी काही जण आता स्वतंत्र स्काउट पगारावर ठेवतात. पगारावर, म्हणजे पुन्हा एका बाजूचे.

मागच्या हिवाळ्यात जावई मला ब्रायरवुडला मॉलॉय शाळेच्या जिममध्ये सामना बघायला घेऊन गेला. टॉम याच शाळेचा, आणि जॅक करन इथे १९५८ पासून २०१३ पर्यंत कोच होता. दुसऱ्या सत्रात पाहुण्यांचा एक किडकिडीत गार्ड सलग तीन वेळा चेंडू गमावून बसला. त्याच्या कोचने त्याला बाहेर घेतलं नाही. मी जावयाला म्हटलं, याला बघ आता, पुढच्या पाच मिनिटांत. त्याने विचारलं, काय बघू? म्हटलं, मान खाली जाते का ते. पोराने पाण्याची बाटली घेतली, शेजारच्याच्या पाठीवर थाप मारली आणि बचावाला पळत गेला. आमच्या पुढच्या ओळीत विद्यापीठाचा बिल्ला लावलेले दोन तरुण बसले होते. ते लॅपटॉपवर दुसराच सामना बघत होते.